लॉक घेतलं म्हणून यूजरचा डेटा स्थिर होत नाही

लिनक्सचे ड्रायव्हर लिहायला शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो: ‘आयऑक्टल हँडलरमध्ये शिरताच स्पिनलॉक घ्या, अ‍ॅक्सेस_ओकेने पॉइंटर तपासा, मग निवांत कॉपी करा. लॉक हातात आहे तोवर डेटा कोणी बदलू शकत नाही.’ हा सल्ला चुकीचा आहे. (आयऑक्टल म्हणजे यूजर प्रोग्रॅमने ड्रायव्हरला दिलेला खास आदेश, हँडलर म्हणजे तो हाताळणारं फंक्शन, आणि स्पिनलॉक म्हणजे मिळेपर्यंत कोअरला जागेवरच फिरत ठेवणारं लॉक.)

सगळ्यात घातक शेवटचं वाक्य. ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालतो, आणि कर्नलचं लॉक फक्त कर्नलचा कोड पाळतो. यूजर प्रोग्रॅमला ते दिसतही नाही. त्याच प्रोसेसचा दुसरा थ्रेड दुसऱ्या कोअरवरून ती मेमरी खुशाल बदलतो. २०१६ मध्ये फाइल डीड्यूपच्या (फायलींमधला सारखा डेटा एकदाच ठेवण्याच्या) आयऑक्टलमध्ये हेच सापडलं (सुरक्षा-दोष क्रमांक सीव्हीई-२०१६-६५१६). आधी यूजरकडून काउंट वाचला, त्यावरून बफरचा आकार ठरला. मग अख्खं स्ट्रक्चर कॉपी करताना तोच काउंट पुन्हा आला आणि पुढचा लूप या दुसऱ्या आकड्यावर चालला. मधल्या मधे आकडा वाढवला की कर्नल बफरबाहेर. दुरुस्ती एका ओळीची होती: कॉपीनंतर स्ट्रक्चरमध्ये पहिलाच काउंट परत लिहायचा. यूजरची किंमत एकदाच वाचा, तपासा, पुढे स्वतःच्या प्रतीवरच काम करा.

स्पिनलॉक धरून कॉपी तर नकोच. यूजरचं पेज (मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) रॅममध्ये नसेल तर पेज फॉल्ट होतो, ते डिस्कवरून येईपर्यंत थांबावं लागतं, आणि स्पिनलॉक धरून झोपायला (कोअर सोडून वाट पाहायला) मनाई आहे. ‘माझ्याकडे तर चालतं’ असं लोक म्हणतात, कारण चाचणीत ते पेज नुकतंच वापरलेलं असतं. कॉन्फिग_डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप हा कर्नल बिल्ड करतानाचा पर्याय चालू करून बघा. पेज हजर असलं तरी कर्नल लॉगमध्ये इशारा येतो.

मग म्युटेक्स (झोपून वाट पाहायला लावणारं लॉक) घ्या? तो धरून झोपता येतं, पण पेज फॉल्ट एममॅप_लॉक (प्रोसेसच्या मेमरी-नकाशाचं लॉक) घेऊ शकतो. तुमच्या एममॅप हँडलरला (ड्रायव्हरची मेमरी प्रोसेसला जोडून देणाऱ्या फंक्शनला) कर्नल तेच लॉक आधी घेऊन बोलावतो. तिथेही तोच म्युटेक्स घेतलात, तर क्रम उलटा झाला आणि डेडलॉकची (दोघे एकमेकांची वाट पाहत अडकण्याची) सोय झाली. लॉकडेप हा कर्नलमधला लॉकचा क्रम तपासणारा भाग हे पकडतो.

अ‍ॅक्सेस_ओके फक्त पत्ता यूजरच्या हद्दीत आहे का एवढं पाहतो. तिथे पेज आहे की नाही, हे नाही. कॉपी_फ्रॉम_यूजर (यूजरकडून डेटा आणणारं फंक्शन) ही हद्दीची तपासणी स्वतःच करतो. मात्र तपासणी न करणारी रूपं वापरलीत तर ती विसरू नका: २०१७ मध्ये ४.१३ कर्नलच्या वेटआयडी या सिस्टिम कॉलमध्ये ती राहिली आणि यूजरला कर्नलच्या मेमरीत लिहिता येऊ लागलं.

यूजरला डेटा परत पाठवताना आधी लोकल स्ट्रक्चर मेमसेटने शून्य करा, नाहीतर पॅडिंगमधून (स्ट्रक्चरमधल्या रिकाम्या जागांमधून) स्टॅकवरचे जुने बाइट बाहेर जातात. लॉकखाली ते भरा, लॉक सोडा, मगच कॉपी_टू_यूजर. त्याच्याकडून शून्याखेरीज काही आलं तर ती न गेलेल्या बाइटची संख्या असते. ती तशीच परत न करता उणे ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याचा एरर कोड) द्या.