कॅल्शियम नॉर्मल आलं, म्हणून हाडं मजबूत?

आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतोय: ‘रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल असेल तर हाडं मजबूत, डेक्साचा (हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनचा) खर्च कशाला? लघवीत कॅल्शियम दिसलं तर हाडं विरघळताहेत समजा. व्हिटॅमिन डी कमी असेल तर दर आठवड्याला ६०,००० युनिटचं पाकीट, कायमचं.’

यातलं पहिलं वाक्य सगळ्यात घातक. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात असतं ते चिमूटभर. पण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात, म्हणून शरीर ती पातळी साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या दरम्यान राखतंच. कमी पडलं की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन ते हाडांतून काढून रक्तात आणतं. कणगी तळाला गेली तरी ताटातली भाकरी तेवढीच दिसते. माझ्या मावशीचं कॅल्शियम ९.४ होतं, रिपोर्ट तिनं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. ओट्याजवळ ओल्या फरशीवर पाय घसरला आणि मनगट मोडलं. मग केलेल्या डेक्सात टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतला आकडा, उणे ३.१. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

लघवीतून कॅल्शियम सगळ्यांचंच जातं. किती जातं ते २४ तासांची लघवी साठवून मोजतात. जास्त निघालं तर मूतखड्याचा विचार होतो, फार कमी निघालं तर आतड्यात नीट शोषलं जातंय का, हे बघतात.

डी कमी असणं म्हणजे ऑस्टिओपोरोसिस नव्हे. फारच कमी असेल तर हाडं मऊ पडतात, रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम वाढतं, आणि ते उपचारानं सुधारतं. पण पाकिटं बहुधा काही आठवड्यांपुरती असतात. वर्षानुवर्षं मनानं घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला इजा होऊ शकते. कृपा करून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

मग रक्त तपासायचंच कशाला? हाडं का झिजली ते शोधायला. थायरॉइड, किडनी, पॅराथायरॉइड, आणि मायलोमासारखा कॅन्सर नाही ना, हे त्यातूनच कळतं. सीटीएक्स नावाची तपासणी हाड किती वेगानं झिजतंय ते सांगते. ती सकाळी उपाशीपोटीच करायची, खाल्लं की आकडा खाली येतो. ऑस्टिओपोरोसिसच्या गोळ्या लागू पडताहेत का, हे तीनेक महिन्यांत तिच्यावरून दिसतं; डेक्सात फरक दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात. मात्र हाड मोडल्यावर हा आकडा काही महिने चढलेलाच राहतो, म्हणून मावशीच्या डॉक्टरांनी त्यावर भिस्त ठेवली नाही. तिच्या गोळ्या सुरू आहेत, डेक्सा पुढच्या वर्षी पुन्हा आहे.