कुठली पानं पिवळी, हे विचारायला काय जातं?

आमच्या दारातलं कागदी लिंबू १४ वर्षांचं आहे. दिवाळीपासून पिवळं पडायला लागलंय, आणि तेव्हापासून फाटकाशी थांबणारा जो तो वैद्य झालाय. पाणी जास्त होतंय. पाणी कमी पडतंय. (हे दोन्ही एकाच माणसाने, आठवड्याच्या अंतराने.) शेजारच्या काकू न विचारता ताक ओतून गेल्या. मामांनी एप्सम सॉल्ट पाठवलं. नर्सरीवाल्याने तर फोटो जेमतेम बघितला नि म्हणाला, "व्हायरस आहे ताई, काढून टाका, नवीन रोप देतो." फळांनी लगडणारं झाड काढून टाका!

अरे, एकाने तरी विचारा, शेंड्याची कोवळी पानं पिवळी की खालची जून? सगळं निदान तिथेच तर आहे! नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जून पानांतून काढून नव्यांना पुरवतं, म्हणून आधी जून पानं पिवळी पडतात. लोह असं हलत नाही. त्यामुळे कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. माझ्या झाडाला हेच झालंय. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, त्यात लोह नसतंच हो मामा!

बरं, मातीत लोह नाही असंही नाही. सोसायटीचं प्लास्टर झालं तेव्हा कंत्राटदाराच्या माणसांनी राडारोडा आमच्या आळ्यात लोटला नि वर माती पसरून मोकळे झाले. त्यात बोअरचं जड पाणी. या दोन्हींतल्या चुन्याने माती अशी झाली की असलेलं लोहही मुळांना मिळत नाही. हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, घातला, तोही असल्या मातीत लगेच निकामी. मग ३५० रुपयांचा चिलेटेड लोहाचा पुडा आणला, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह. पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत त्या धरणाऱ्या रसायनाचं नाव, 'ईडीटीए'. चुनखडीच्या मातीत ते टिकत नाही, ईडीडीएचए नावाचं दुसरं लागतं. मी माती कशी आहे ते सांगूनसुद्धा दुकानदार म्हणे, "लोह ते लोह."

शेवटी रविवारी मीच कुदळ घेतली. मुळं सांभाळत तीन घमेली सिमेंटचे तुकडे काढले, अर्धी फरशीसुद्धा. कंबर धरून उभी राहतेय तोच काकू गॅलरीतून:

"अगं, मुळंच हलवलीस! आता पानं पिवळी पडणारच की!"