वाघ दिसला का?

ताडोब्याहून आल्यापासून जो तो हेच विचारतोय. दिसली बाबांनो, वाघीण दिसली. पांढरपौनीच्या पाणवठ्यावर, पंधरा-वीस जिप्सींच्या गराड्यात, पुढच्या काकांच्या टोपीवरून वाकून बघितली. तळ्याकडे पाठ करून मागे मागे सरकत पाण्यात बसली. मे महिन्यात दुसरं करणार काय!

पण माझा जीव अडकलाय तो सकाळच्या शिकऱ्यात, त्या छोट्या शिकारी पक्ष्यात.

मोहर्ली गेटमधून आत शिरून जेमतेम अर्धा तास झाला होता. गाइड हळूच म्हणाला, "ताई, शिकरा हाय, पा." बांबूच्या कडेला वाळक्या फांदीवर, कबुतराएवढा. पंजाखाली सरडा, त्याची शेपटी अजून वळवळत होती. डोळे लालभडक, म्हणजे नर. लचका तोडायचा, मान वर करून आमच्याकडे रोखून बघायचं, पुन्हा लचका. तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला, "अहो, पक्षी बघायला पैसे नाही भरले!" झालं, गाडी हलली.

त्या गृहस्थांचा राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते गाइडचा चेहरा बघून. कसा पडला होता! बिचाऱ्याला ठाऊक असतं, वाघ नाही दाखवला तर बक्षिशी नाही. माया, छोटी तारा ही वाघिणींची नावं लोकांना पाठ, आणि शिकरा म्हणजे 'कुठलीतरी घार'.

अहो, पानांआड दबा धरायचा आणि सावज टप्प्यात आलं की झडप घालायची, हे वाघाचंच तंत्र की! आणि शिकऱ्याचा दरारा एवढा की पावशा पक्षी हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो. लहान पक्षी फसतात, घाबरतात. हाच पावशा गुपचूप सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. भृंगराज पक्षी तर शिकऱ्याच्या आवाजाची नक्कल करतो. हे सगळं गाइडनेच सांगितलं, गाडी पाणवठ्यावर ताटकळत उभी असताना, खालच्या आवाजात, फक्त मला. मागचे तेव्हा वानराचा कॉल, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा, झाला की नाही यावर भांडत होते.

थंडीत पुन्हा जातेय, तेव्हा खरुचीही, म्हणजे छोटा ससाणा, आलेली असते. यावेळी अख्खी जिप्सी आपलीच, दोन सीट शिल्लक आहेत. येणाऱ्यांनी इनबॉक्समध्ये या. "वाघ दिसेल ना?" विचारणाऱ्यांनी कृपया येऊ नये.