पोप काय म्हणाले, हे भुसावळात बसून कसं ठरवावं

भाऊ, रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात पोपमहोदयांच्या ताज्या वक्तव्यावर वाद होणारच. तो जिंकायचा असेल तर मूळ मजकूर अजिबात वाचू नका. तो व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, म्हणजे त्यात दम नसणार.

जुलै २०१३ घ्या. रिओहून परतताना पोप फ्रान्सिस विमानात पत्रकारांना म्हणाले, समलैंगिक माणूस देवाला शोधत असेल, त्याची इच्छा चांगली असेल, तर न्याय करणारा मी कोण? यातले शेवटचे चार शब्द ठेवा. अटी विमानातच राहू द्या, मथळेवाल्यांनीही त्या तिथेच सोडल्या. त्याच उत्तरात त्यांनी कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणुकीच्या ग्रंथाचा, हवाला दिला होता, त्याचं तर नावही काढू नका. दोन्ही गटांची मजा जाते.

तुम्ही पोपच्या बाजूचे असाल तर ‘माध्यमांनी विपर्यास केला’ एवढं म्हणत राहा. कधीकधी ते खरंही निघतं, भो! २०१८ मध्ये ‘ला रेपुब्लिका’ या इटालियन दैनिकाचे संस्थापक एउजेनिओ स्काल्फारी यांनी, नरक नाही असं पोप म्हणाल्याचं छापलं. हे पोपचे शब्द धरू नका, असा खुलासा व्हॅटिकनने केला. स्काल्फारी नव्वदीपार; मुलाखतीला ना रेकॉर्डर, ना टिपणं, सगळा कारभार आठवणीवर. इथे थांबा. एखादा आगाऊ विचारील, की २०१३ मध्ये याच गृहस्थांची मुलाखत व्हॅटिकनने संकेतस्थळावर टाकून मग काढून घेतली होती, तर पुन्हा त्यांच्याशीच गप्पा कशाला? लगेच उन्हाचा विषय काढा. भुसावळात तो कायम चालतो.

विरोधी गटात असाल तर २०१६ चं ‘आमोरिस लेतित्सिया’ हे पोप फ्रान्सिस यांचं कुटुंबावरचं पत्र हाताशी ठेवा. एवढा मोठा दस्तऐवज, आणि भांडण ३५१ नंबरच्या तळटीपेवरून: घटस्फोटानंतर दुसरा संसार थाटलेल्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायचा का? चार कार्डिनलांनी, म्हणजे पोपखालच्या वरिष्ठ धर्मगुरूंनी, पाच प्रश्न लिहून पाठवले, ‘हो की नाही’ एवढंच सांगा म्हणाले. त्या चौघांना उत्तर मिळालं नाही. रावेरचा केळीचा व्यापारीसुद्धा भाव विचारल्यावर असा गप्प बसत नाही, निदान चुकीचा तरी सांगतो. हे वाक्य जरूर वापरा, मात्र फादर जवळ नाहीत हे बघून.

मुलगा सेमिनरीत, फादर व्हायला शिकत, असेल तर त्यालाही आत्ताच शिकवा: वादाचं ते विमानात बोलावं, नाजूक ते तळटीपेत घालावं, आणि खुलासा असा लिहावा की त्याला खुलासा लागावा. नमुना म्हणून १८ डिसेंबर २०२३ चं व्हॅटिकनचं ‘फिदुचिया सुप्लिकान्स’ हे घोषणापत्र दाखवा. समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देता येईल, पण तो विवाहाचा विधी वाटता कामा नये. आणि तपशिलाबद्दल यापुढे आमच्याकडून उत्तरांची अपेक्षा ठेवू नका, असं त्यातच लिहिलेलं. ४ जानेवारीला खुलाशाचं लांबलचक निवेदन आलं. आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा, हा तपशील त्यात आहे.

तेव्हा पुढच्या रविवारी घड्याळ घालून जा.