मुलं मोठी व्हायची वाट बघू नका, सुई आत्ताच ओवा

मुलं लहान असतानाच क्रॉस स्टिच, म्हणजे कापडावर फुल्या-फुल्यांनी चित्र भरायचं भरतकाम, हातात घ्यावं, असं माझं आता ठाम मत झालंय. मला मात्र सगळ्यांनी उलटंच सांगितलं होतं. "अगं, मुलं जरा मोठी होऊ देत, मग कर की निवांत." सांगणाऱ्यांच्या मनात मायाच होती. पण थोरला पाच वर्षांचा आहे, धाकटी दोनची. त्यांच्यामागचं धावणं संपून मला निवांतपणा मिळायचा तर अजून दहाएक वर्षं जायची. तोवर स्वतःचं म्हणून काहीच करायचं नाही, हे मला पटेना.

आधी मी जलरंग करून पाहिले. आकाश अर्ध्यावर आलं की आतून हाक यायची आणि परत येईपर्यंत रंग वाळून कडा पडलेल्या असायच्या. विणकामही केलं. धाकटीने एकदा सुई ओढली आणि रांगच्या रांग निसटली.

क्रॉस स्टिचचं तसं नाही. दोन तिरके टाके एकमेकांवर आले की एक फुली झाली आणि ती झाली ती झालीच. हाक आली, काम डब्यात ठेवलं, उठलं. तीन तासांनी परत बसा नाहीतर तीन आठवड्यांनी, काम जिथे ठेवलं तिथेच तुमची वाट बघत असतं. मुलं लहान असताना आपल्याला वेळ सुट्ट्या पैशांसारखा मिळतो, इथे पाच मिनिटं, तिथे आठ. तेवढ्यात दुसरं काही धड होत नाही. वीस फुल्या मात्र होतात.

माझं पहिलं मोठं काम समुद्राचं होतं. 14 काउंटचं कापड, म्हणजे एका इंचात 14 घरं. चित्र 80 घरं रुंद, 100 घरं उंच. म्हणजे 8000 फुल्या. आकडा बघून छाती दडपते खरी, पण रोज वीस म्हटलं की 400 दिवस. मला त्याहून थोडे जास्तच लागले, कारण मधे दोन्ही मुलं आजारी होती तेव्हा दोन महिने कापडाला हातही लागला नाही. बिघडलं काहीच नाही.

खरी अडचण वेळेची नसते, मोजण्याची असते. सतरा, अठरा, एकोणीस म्हणत असताना "आई, हे बघ" झालं की एकोणीस होते की वीस, सांगता येत नाही. एकदा अशीच एका घराची चूक झाली आणि ती कळली दोनेकशे फुल्या पुढे गेल्यावर, लाटेची कड खडकाला मिळेना तेव्हा. दोन रात्री बसून सगळं उसवलं. तेव्हापासून पहिला टाका घालायच्या आधी कापडावर दर दहा घरांना पेनाने रेघ मारून घेते. चार्टवर, म्हणजे ज्या चौकटींच्या नकाशावर बघून फुल्या भरायच्या त्यावरही, दर दहा घरांना जाड रेघ असतेच. मग वीसपर्यंत मोजायची वेळ येत नाही, दहाच्या आतच सगळं. पेन पाण्याने जाणारं घ्या आणि काम संपलं की आधी गार पाण्यात रेघा पूर्ण घालवा, इस्त्री त्यानंतरच. त्या रेघांवर इस्त्री फिरली तर त्या कायमच्या बसू शकतात.

चित्र निवडतानाही हाच विचार करा. काही चार्टमध्ये रंग विखुरलेले असतात. इथे एक फुली जांभळी, तिच्याशेजारी एक करडी, मग दोन हिरव्या. दिसायला फार सुंदर, पण दर मिनिटाला दोरा बदलायचा आणि जागा शोधायची. लहान मुलं आहेत तोवर त्यांच्या वाटेला जाऊ नका. एकाच रंगाचे मोठे पट्टे असलेलं चित्र घ्या. माझ्या समुद्रात गडद निळ्याचा एक पट्टा अख्खा पावसाळाभर चालला होता आणि त्या दिवसांत मला चार्टकडे फारसं बघावंही लागत नव्हतं.

आता ज्यासाठी मुळात ही पोस्ट लिहायला घेतली ते सांगते. सुया.

धाकटी रांगत होती तेव्हाची गोष्ट. रात्री काम आवरलं आणि सुई सापडेना. क्रॉस स्टिचची सुई बोथट असते, कापडाच्या घरांमधून जाते, धागा फोडत नाही, म्हणून मी जरा निर्धास्त होते. पण बोथट असली तरी ती सुईच. सकाळी हीच फरशी धाकटीच्या तळहाताखाली येणार होती. दिवे लावले, टॉर्च जमिनीला टेकवून आडवा उजेड पाडला, उशांचे अभ्रे काढून झटकले. पाऊण तासाने माझ्याच ओढणीच्या काठात अडकलेली सापडली, शेपटाला बोटभर निळा दोरा. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर घरात फक्त चार सुया ठेवल्या. रात्री मुलं झोपली की चारही सुयांत दुसऱ्या दिवसाचे दोरे ओवून ठेवते. दोरा सहा पदरी असतो, 14 काउंटला त्यातले दोनच पदर लागतात. काम ठेवताना चार मोजायच्या आणि मोजल्याशिवाय डबा बंद करायचा नाही, मग कोणी कितीही रडत असो. त्याला दहा सेकंद लागतात. कात्रीही त्याच डब्यात, डबा सगळ्यात वरच्या कप्प्यात.

सुई चिकटवून ठेवायला कापडावर लावायचे छोटे लोहचुंबक मिळतात, दिसायला गोड असतात. मी ते काढून टाकले. असे दोन जोरदार चुंबक मुलाच्या पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधली आतडी फाटू शकते. आणि दोऱ्याचे कापलेले तुकडे जमिनीवर सोडू नका. असा तुकडा तान्ह्या बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला गेला की रक्त अडतं आणि बाळ नुसतं रडत राहतं, कारण कळत नाही. माझे तुकडे झाकणाच्या बरणीत जातात. ती बरणी आता रंगीत दिसायला लागली आहे आणि थोरल्याला ती माझ्या कामापेक्षा जास्त आवडते.

"एवढं करतेस तर मुलांच्या नावांचं काहीतरी कर," असंही बऱ्याच जणी म्हणतात. ते काम किती जुनं आणि किती सुंदर आहे हे मला माहीत आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉक नावाच्या बाईने 1598 मध्ये केलेला भरतकामाचा नमुना आहे. तारीख असलेला तो ब्रिटनमधला सगळ्यात जुना ज्ञात नमुना. त्यावर तिने भरून ठेवलंय की अ‍ॅलिस ली 23 नोव्हेंबर 1596 रोजी, मंगळवारी दुपारी जन्मली. राजाराणीचं नाही, लढाईचं नाही, एका बाळाच्या जन्माची दुपार. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या मुलांच्या जन्माच्या वेळाही मी कधीतरी भरणार आहे.

पण समुद्र माझा आहे. तो कोणाला भेट द्यायचा नाही, कोणाच्या खोलीत लावायचा नाही. दिवसभरात मी जे काही करते ते कोणासाठी तरी असतं आणि ते मी मनापासून करते. वीस फुल्या माझ्यासाठी असल्या तर त्याचं कारण द्यावं लागू नये. रविवारी सकाळचा एक तास मुलं बाबांकडे असतात. तो तास मागायला मला तीन वर्षं लागली. ऑफिसचं काम आहे म्हटलं असतं तर एका वाक्यात मिळाला असता. "मला फुल्या भरायच्या आहेत" हे म्हणताना घसा कोरडा पडला होता. तो लगेच हो म्हणाला. बायांनो, असा तास मागा, आणि खरं कारण सांगून मागा.

थोरल्याला आता मोठ्या भोकांचं प्लास्टिकचं कॅनव्हास आणि जाड लोकर दिली आहे. सुईही प्लास्टिकची. वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेने आला पाहिजे, हे त्याला सांगावं लागलं नाही. माझ्या समुद्रावर बोट फिरवत त्याने स्वतःच विचारलं, "आई, सगळ्या फुल्या इकडेच का वाकल्यात?" मग काम उलटं केलं आणि मागचे दोऱ्यांचे उभे-आडवे रस्ते बघत बराच वेळ गप्प बसला.

नवीन कापड परवा आलंय. चार घड्या घालून मधला बिंदू काढून ठेवला आहे, दर दहा घरांच्या रेघा मारायच्या बाकी आहेत. या वेळी चित्र 60 बाय 60 चं, एका झाडाचं. आज रात्री धाकटी वेळेवर झोपली तर निम्म्या रेघा होतील.