मला चुकीची उत्तरं लिहायची आहेत

मी गणित शिकवते, आणि शिकवण्याच्या टेक्नॉलॉजीत जरा जास्तच नाक खुपसते, त्यामुळे हल्ली ओळखीतलं कोणीही भेटलं की ठरलेला प्रश्न येतो, "मग आता पुढे काय? वर्गातच राहणार का?" विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. त्यांच्या डोक्यात एक क्रम पक्का बसलेला असतो, आधी शिक्षिका, मग टेक कोऑर्डिनेटर, मग एखाद्या कंपनीत इन्स्ट्रक्शनल डिझायनर (म्हणजे कोर्सची आखणी करणारी) आणि शेवटी प्रोफाइलवर दोन ओळी भरतील एवढं पदनाम. दरवेळी अर्धवट काहीतरी बोलून सटकते, त्याचा मलाच कंटाळा आलाय म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवते.

तर, मला पुढची बरीच वर्षं चुकीची उत्तरं लिहायची आहेत. हो, चुकीचीच. ऑनलाइन क्विझमध्ये प्रश्नाखाली चार पर्याय असतात ना, त्यातला बरोबर पर्याय कोणीही लिहू शकतं, खरं काम आहे उरलेल्या तीन पर्यायांचं, आणि नव्वद टक्के क्विझमध्ये (हा माझा अंदाज, उगाच कोणी आकडा धरून भांडू नका) ते तीन पर्याय नुसते जागा भरायला टाकलेले असतात.

दशांश अपूर्णांक घ्या. ०.४ आणि ०.३५ यात मोठी संख्या कोणती? बरीच मुलं सांगतात ०.३५, कारण पस्तीस चारापेक्षा मोठे. ही चूक सगळ्या गणिताच्या शिक्षकांना तोंडपाठ असते. पण वर्गात अजून एक गट असतो, त्यांच्या डोक्यात असं बसलेलं असतं की दशांश चिन्हानंतर आकडे जास्त म्हणजे तुकडे जास्त बारीक, म्हणजे संख्या लहान. ही मुलं या प्रश्नाचं उत्तर ०.४ देतात. बरोबर! अ‍ॅप हिरवं होतं, फुगे उडतात, डॅशबोर्डवर मूल "मास्टर्ड", म्हणजे पक्कं शिकलेलं दिसतं, आणि त्याला दशांशातलं ओ की ठो कळलेलं नसतं. त्याच मुलाला ०.४५ आणि ०.३ देऊन बघा, ते ०.३ मोठी म्हणेल. आणि गंमत म्हणजे इथे पहिला गट बरोबर येतो!

म्हणजे एकाच वर्गातली दोन मुलं, दोघांचे गैरसमज एकमेकांच्या अगदी उलटे, दोघांना पन्नास टक्के मार्क, आणि अ‍ॅप दोघांनाही सांगतं "थोडा आणखी सराव करा". कसला सराव?

आता हा प्रश्न बघा. ०.३, ०.२५, ०.४१७ या संख्या चढत्या क्रमाने लावा. बरोबर उत्तर ०.२५, ०.३, ०.४१७. पहिल्या गटातलं मूल लावेल ०.३, ०.२५, ०.४१७, कारण त्याला ३, २५, ४१७ दिसतायत. दुसऱ्या गटातलं लावेल ०.४१७, ०.२५, ०.३. आणि चौथा पर्याय मी ठेवते ०.४१७, ०.३, ०.२५, तो निवडणाऱ्याला गणित येतंय, फक्त चढता-उतरता यात घोळ झालाय, त्याला दशांश परत शिकवत बसायची काही गरज नाही. चार पर्याय, चार वेगळी मुलं, आणि एका टॅपवर मला कळतं की उद्या कोणाशी काय बोलायचं. पुस्तकात असतो तसा ०.४, ०.३५, ०.१२५ असा त्रिकूट दिला असता तर दुसरा गट आरामात सुटला असता, करून बघा. संख्या निवडण्यातच सगळं आलं. या एका प्रश्नावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवलेली आहे आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन संशोधकांनी 'बगी' नावाच्या कॉम्प्युटर प्रोग्रामवर पेपर लिहिला. त्यांचं म्हणणं असं की मुलांच्या वजाबाकीतल्या चुका बऱ्याचदा आंधळ्या नसतात, त्या एका नियमाने होत असतात, फक्त नियम चुकीचा असतो. ५२ मधून २७ वजा करून ३५ आणणारं मूल निष्काळजी नाहीये, ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, इमानेइतबारे. ४३ वजा २१ ला त्याचं उत्तर बरोबरच येणार. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे त्यांनी याचा शिक्षकांसाठी खेळ केला, त्यात कॉम्प्युटर विद्यार्थी व्हायचा, मुद्दाम एका ठराविक पद्धतीने चुकायचा, आणि शिक्षकाने त्याला गणितं घालून घालून त्याची चूक ओळखायची. ओळखली म्हणता, तर मग नवीन गणितं त्याच चुकीने सोडवून दाखवा! विचार करा, १९७८. आणि आज मला ट्रेनिंगमध्ये काय शिकवतात, तर स्लाइडचं बॅकग्राउंड कसं बदलायचं.

ट्रेनिंगवर लिहायला बसले तर वेगळी पोस्ट होईल म्हणून थोडक्यात आवरते. बटणं शिकवतात. कुठे क्लिक केलं की काय उघडतं ते शिकवतात. पुढच्या वर्षी अ‍ॅप बदलतं, बटणं जागा बदलतात, परत ट्रेनिंग. असो.

याहून जुनं एक भांडण आहे, ते माझ्या फार आवडीचं. १९२०च्या दशकात सिडनी प्रेसी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक यंत्र बनवलं, खिडकीत प्रश्न दिसायचा, पर्यायांसाठी बटणं, आणि शिकवायच्या मोडमध्ये बरोबर बटण दाबेपर्यंत यंत्र पुढे सरकायचंच नाही. नंतर १९५३ मध्ये दुसरे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले, तिथली परिस्थिती बघून वैतागले आणि स्वतःचं टीचिंग मशीन करायला घेतलं. पण स्किनरना पर्याय नको होते. मुलाने उत्तर स्वतः तयार करावं, पटण्यासारखं चुकीचं उत्तर त्याच्यापुढे ठेवलंत तर तेच डोक्यात राहील, असा त्यांचा आक्षेप. आणि तो हवेतला नव्हता, २००५ मध्ये रोडिगर आणि मार्श या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात हेच दिसलं की मल्टिपल चॉइस टेस्ट दिल्याने लक्षात राहायला मदत होते पण काही चुकीचे पर्यायही खरे म्हणून डोक्यात जाऊन बसतात. उपायही नंतर दिसला, उत्तर दिल्यावर बरोबर काय ते सांगा. म्हणून मी "उत्तरं पुढच्या आठवड्यात कळतील" या सेटिंगच्या कट्टर विरोधात आहे, भले कॉपी होईल म्हणून कोणी कितीही ओरडो. कॉपी व्हावी एवढं महत्त्व त्या क्विझला द्यायचंच कशाला?

मग चांगले चुकीचे पर्याय येतात कुठून? मुलांकडूनच. १९८५ साली इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टेनेस यांनी फिजिक्सची एक चाचणी केली, त्यांनी आधी प्रश्न मोकळे ठेवले, विद्यार्थ्यांना हवं ते लिहू दिलं, आणि वारंवार आलेली चुकीची उत्तरं उचलून पर्याय बनवले. एरिक माझुर हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवायचे, त्यांना वाटलं आपल्या हुशार पोरांना ही चाचणी अगदीच किरकोळ जाईल. चाचणी हातात आल्यावर एका विद्यार्थिनीने विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंय तसं लिहू की मी एरवी विचार करते तसं? एवढं ऐकल्यावर कोणत्याही शिक्षकाची झोप उडेल. माझुरनी पुढे लेक्चर कमी केलं, प्रश्न टाकायचा, मुलांनी मत द्यायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा, परत मत द्यायचं. क्लिकर, म्हणजे मत नोंदवायची हातातली बटणं, नंतर आले, सुरुवातीला हात वर करूनही ते चालत होतं. म्हणजे टेक्नॉलॉजी दुय्यम, प्रश्न मुख्य. १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क या शिक्षण-संशोधकाने तर शिकवायच्या माध्यमांना सरळ माल पोचवणाऱ्या ट्रकची उपमा देऊन टाकली होती, ट्रकमुळे मालाचा कस वाढत नाही म्हणून. मला ते पूर्ण पटत नाही कारण तीस जणांची मतं दहा सेकंदात एका ग्राफवर दिसणं ही गोष्ट हात वर करून होत नाही, लाजरी मुलं हात वर करतच नाहीत किंवा हुशार मुलाचा हात बघून करतात. पण ट्रकला रंग देण्यात आपले दिवस चाललेत एवढं मात्र खरं.

"एआयला सांग ना, देईल पर्याय लिहून," असंही लोक सुचवतात. सांगितलं. देतो, भराभर देतो, आणि दिसायला छान असतात. पण त्यातले बरेचसे पर्याय माझी मुलं निवडतच नाहीत. जो पर्याय वर्गात कोणीही निवडत नाही तो पर्याय नसतोच, तीन पर्यायांचा प्रश्न आपण उगाच चार पर्यायांचा म्हणून मिरवत असतो. उलटं केलं तर मात्र काम भारी होतं, वहीतली खरी चुकीची उत्तरं त्याला द्यायची आणि विचारायचं की कोणकोणत्या विचाराने इथे पोचता येईल. दहा कारणं देतो, त्यातली सहा टाकून द्यायची, दोनांवर "अरे, हे सुचलंच नव्हतं" होतं. टाकून कुठली द्यायची ते कळायला मात्र वर्गात असावं लागतं.

आणि इथेच माझ्या करिअरचा प्रश्न येतो. इन्स्ट्रक्शनल डिझायनरचं काम मला कमी वाटत नाही, त्यात शिस्त असते, अ‍ॅनालिसिसपासून इव्हॅल्युएशनपर्यंत पायऱ्या ठरलेल्या असतात, आपण शिक्षक जे डोक्यात ठेवतो ते ते लोक कागदावर आणतात. शिकण्यासारखं खूप आहे. पण त्या कामाबद्दल मी जेवढं ऐकलंय त्यात विद्यार्थी हा माणूस कमी आणि "लर्नर पर्सोना", म्हणजे कागदावरचा काल्पनिक नमुना, जास्त असतो. ली शुलमन या शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये मांडलं होतं की विषय येणं वेगळं आणि तो विषय शिकवता येणं वेगळं, आणि मुलं कुठे अडखळतात, कोणते गैरसमज घेऊन वर्गात येतात हे माहीत असणं त्या दुसऱ्या ज्ञानात येतं. २००६ मध्ये मिश्रा आणि कोहलर यांनी त्यात टेक्नॉलॉजीची भर घातली, त्यालाच पुढे टीपॅक म्हणू लागले, विषय, शिकवणं आणि टेक्नॉलॉजी या तीन वर्तुळांचं चित्र बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. माझी भीती साधी आहे. वर्ग सोडला की दोनेक वर्षांत मला मुलांच्या चुका आठवणीतून लिहाव्या लागतील, आणि आठवणीतल्या चुका फार नीटनेटक्या असतात, खऱ्या चुकांसारख्या विचित्र नसतात.

टेक कोऑर्डिनेटर व्हायचं म्हणाल तर ते कागदावर फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात पासवर्ड रिसेट आणि "मॅडम, आवाज येत नाहीये".

म्हणून मला हवंय ते असं आहे. अर्धे तास वर्ग, अर्धा वेळ प्रश्न बनवायला, एकटीने नाही, इतर शिक्षकांबरोबर. आयटम अ‍ॅनालिसिस नीट शिकायचंय, म्हणजे प्रश्न किती अवघड गेला, ज्यांना विषय येतो आणि ज्यांना येत नाही त्यांच्यात तो फरक करतो का, कुठल्या पर्यायाने कोणाला ओढून घेतलं. एवढं साध्या स्प्रेडशीटमध्ये होतं, महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, पण जोडीला थोडं स्टॅटिस्टिक्स पक्कं करायला हवं आणि त्यासाठी मी एक कोर्स सुरू करतेय. आणि हो, मला माहितीये की अशी नोकरी कुठे अस्तित्वात नाही, तिला पदनाम नाही, पगाराची श्रेणी नाही, प्रमोशन तर नाहीच नाही. ज्यांच्याकडे मागितली त्यांनी "बघू" म्हटलंय. बघू म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांना कळतं, तरी मी मागत राहणार आहे, कारण ट्रेनिंगसाठी, लायसन्ससाठी, नवीन स्क्रीनसाठी वेळ आणि पैसा निघतो, आणि शिक्षकाने आठवड्यातले काही तास बसून विचार करावा यासाठी मात्र निघत नाही, हे मला कोणीतरी एकदा पटवून द्यावं.

तोपर्यंत काम थांबलेलं नाहीये. दशांश झाले, आता अपूर्णांकांची बेरीज घेतलीये. १/२ + १/३ = २/५ हे सगळ्यांकडे असतंच, ते नकोय. गणित शिकवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, त्यापलीकडचं, तुम्हालाही कळलं नाही की पोराने हे कसं आणलं, असं उत्तर वहीत सापडलं तर मुलाचं नाव झाकून फोटो पाठवा. मूल समोर असेल तर आधी त्यालाच विचारा कसं केलंस, आणि ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून पाठवा, सुधारू नका.