नळाच्या दिवसाचं सांडपाणी

परवा रात्री साडेअकराला आमच्या लेआउटच्या ओपन स्पेसमध्ये तीन टॉर्च, एक पान्हा आणि सात-आठ माणसं. मी बनियनवरच पळत गेलो, म्हटलं साप निघाला असेल. साप बिप काही नाही, व्हॉल्व्हवरून भांडण चालू होतं. नाल्यापलीकडच्या मास्तर कॉलनीचे दोघं म्हणे "आज आमची पाळी अन् पाणी तुमच्याकडे जाऊन राहिलं", आमचे सेक्रेटरी म्हणे "कुलूप तर चावीनंच उघडलेलं आहे, तोडलेलं नाही, मग उघडलं कोणी?" आणि मागच्या नवीन लेआउटचे एक भाऊ काहीच न बोलता व्हिडिओ काढून राहिले. आता हे सगळं कायच्यासाठी, तर नाल्यातल्या ज्या सांडपाण्याचा वास येते म्हणून याच लोकांनी दोन वर्षाआधी ग्रामपंचायतीत अर्ज दिले होते त्या पाण्यासाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमचं गाव अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात. बोअर मारला की पाणी लागते, पण ते तोंडात घेववत नाही, बादलीत दोन दिवस ठेवलं तर काठाला पांढरी रेघ. झाडाला दिलं तर पहिल्या वर्षी पानाच्या कडा जळतात, दुसऱ्या वर्षी झाड. वरून काळी माती, त्यातलं सोडियम वाढलं की पाणी खाली मुरतच नाही, वर नुसतं तळं. म्हणून पिण्याचं पाणी तिकडून वान धरणातून पाइपलाइननं येते, आणि तेही पाचव्या दिवशी. मधे कुठे पाइप फुटला तर आठव्या. अशा गावाला लागून तीन लेआउट पडले, सगळे मिळून एकशे चाळीसेक घरं, आणि प्रत्येक लेआउटला नियमाप्रमाणे ओपन स्पेस. कागदावर त्याचं नाव गार्डन, प्रत्यक्षात गाजरगवत आणि एक हनुमान मंदिर.

तर डोकं असं लावलं की खारं पाणी नको असेल तर गोडं पाणी आपल्याच मोरीतून वाहून राहिलं ना. वानचं गोडं पाणी आपण आंघोळीला, भांड्याला, कपड्याला वापरतो आणि नाल्यात सोडतो. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड म्हणून तंत्र आहे, आधी टाकीत गाळ बसवायचा, मग खडीच्या वाफ्यातून पाणी हळूहळू जाऊ द्यायचं, वाफ्यात कर्दळ, पाणकणीस असली झाडं, त्यांच्या मुळांशी घाण खाणारे जिवाणू राहतात. मोठी मशीन नाही, वीज फक्त शेवटच्या पंपाला. तसंच तिन्ही लेआउटनी वर्गणी करून नाल्याच्या काठावर बांधलं. शेवटी सॅन्ड फिल्टर, डिस्क फिल्टर, वीस हजार लिटरची टाकी आणि तिथून तीन पाइप तीन बगिच्यांना. तपासून आणलं तर बीओडी, म्हणजे पाण्यात किती घाण उरली त्याचं माप, २६ आला, आपल्यासारख्या लहान गावाला ३० पर्यंत चालते. कर्दळीला फुलं आली तेव्हा बायका तिथे फोटो काढाले जात, खरं सांगतो.

बांधताना एकही भांडण झालं नाही. भांडणं सुरू झाली पाळीवरून.

पाळी अशी ठरली होती. सोमवार-गुरुवार आमची, मंगळवार-शुक्रवार मास्तर कॉलनीची, बुधवार-शनिवार नवीन लेआउटची, रविवारी फिल्टर धुणं. प्रत्येकाला चार-चार तास. किती सरळ वाटते ना ऐकायला? दीड महिन्यात बोंब. कारण ठरवणारे आम्ही सगळे नोकरदार, आमच्या डोक्यात आठवडा होता. सांडपाण्याच्या डोक्यात आठवडा नसते, त्याच्या डोक्यात नळ असते. नळ आला त्या दिवशी अख्ख्या कॉलनीत धुण्याचा पोळा, चादरी, पडदे, गाडी, आंगण सगळं धुऊन निघते, टाकी भरून वरून वाहते. नळाच्या चौथ्या दिवशी लोकं ड्रमच्या तळाचं पाणी तांब्यानं काढून राहिलेले असतात, प्लँटमध्ये येते काय मग? आम्ही हिशोब केला होता माणशी ७० लिटर, त्यातलं ८० टक्के सांडपाणी, साडेपाचशे माणसं म्हणजे रोजचं तीस हजार लिटर. मीटर बसवलं तेव्हा कळलं की नळाच्या दिवशी तेवढं येते, बाकी दिवशी कधी अर्धं, कधी त्याहून कमी. म्हणजे चार तास सगळ्यांना सारखे, पण एकाच्या चार तासात बगिचा पोहून निघते आणि दुसऱ्याच्या चार तासात पाइप नुसता फुसफुस करते.

यावर मास्तर कॉलनीतल्या गणिताच्या सरांनी मीटिंगमध्ये फळ्यावर दाखवलं की नळ पाच दिवसांचा, आठवडा सात दिवसांचा, तर ३५ दिवसांत नळाचा दिवस प्रत्येक वाराला एकदा येणारच, सबब सर्वांना समान. एकदम बरोबर. फक्त मे महिन्यात ४५ च्या पाऱ्यात दोन वर्षांचं कडुलिंबाचं रोप ३५ दिवस थांबत नाही सर, ते दहाव्या दिवशी माना टाकते.

आमच्याकडे एक पाटकरी काका आहेत, काटेपूर्णाच्या कालव्यावर पाणी सोडायच्या नोकरीत आयुष्य काढलेले. ते त्या मीटिंगमध्ये मागे सतरंजीवर बसून तंबाखू मळत होते. शेवटी म्हणाले, "तास काऊन वाटून राहिले बे? पाणी वाटा ना." आणि उठून गेले. सगळ्यांना वाटलं काका चिडले. मला ते रात्री उशिरा कळलं. कालव्यावर हे भांडण कधीचं होऊन गेलं आहे, २००५ च्या सिंचन कायद्यात पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीनं म्हणजे मोजून पाणी द्यायचं ठरलं ते यासाठीच. आणि दुसरी गोष्ट काकांनी नंतर चहावर सांगितली, की नीट चालणाऱ्या कालव्यावर पाणी शेपटाकडून सुरू करतात, टेलवाल्याचं भिजलं की मग वरचा. कारण वरच्याला पाणी दिसत असते, तो कसंही घेऊन घेते. टेलवाल्याला फक्त ऐकू येते की पाणी सुटलं म्हणे.

आमच्यात वरचे आम्ही. टाकी आमच्या हद्दीत, व्हॉल्व्ह आमच्या मंदिरामागे. त्यामुळे मी हे लिहिलेलं आमच्याच सेक्रेटरींना आवडणार नाही, माहीत आहे.

पण लॉनचं बोललंच पाहिजे. आमच्या कमिटीनं मागच्या वर्षी ओपन स्पेसमध्ये लॉन लावलं, आठशे चौरस मीटर. कोणीतरी पुण्याला भाच्याच्या सोसायटीत पाहून आलं होतं. आता साधा हिशोब आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात लॉनला दिवसाला सहा ते आठ मिलिमीटर धरा, म्हणजे रोज पाच-सहा हजार लिटर फक्त गवताला, ज्यावर बसायला बंदी आहे! तेवढ्यात ड्रिपवर दोन-अडीचशे झाडं निघतात. नवीन लेआउटवाल्यांनी गुपचूप करंज, कडुलिंब, चिंच, कण्हेर, बोगनवेल लावली, मिठाला चिवट असलेली झाडं. त्यांना पाणी सगळ्यात कमी मिळते आणि बगिचा त्यांचाच सगळ्यात चांगला आहे. मला याची लाज वाटते, कमिटीला काही वाटते का माहीत नाही.

माझा पुतण्या कॅलिफोर्नियात आहे. तिकडे घरमालकांच्या असोसिएशन असतात, त्यांच्या बगिच्यांना असंच शुद्ध केलेलं पाणी येते, आणि त्याचा पाइप जांभळा. जांभळा दिसला की पोट्ट्यालाही कळते हे प्यायचं नाही. पाणी रात्रीच सोडायचं, लोकं फिरून गेल्यावर. त्याला मी विचारलं, तुमच्या शेजारशेजारच्या कॉलन्या पाळीवरून भांडत नाहीत का? म्हणे काका, पाणी देणारी संस्था वेगळी, प्रत्येकाला वेगळं मीटर, जेवढं घेतलं तेवढं बिल, भांडायचं असेल तर बिलाशी भांडा. त्यांच्यासारखा पैसा आपल्याकडे नाही हे मान्य. पण जांभळा रंग अन् तीन मीटर काही अमेरिकेतून आणावे लागत नाहीत, जिल्ह्याच्या दुकानात मिळतात.

रंगाचं मी उगाच नाही म्हणत. एप्रिलमध्ये आमच्याच गल्लीतल्या एका घरी या पाण्याचा पाइप थेट कुलरमध्ये लावलेला सापडला. कुलरला दिवसाला शंभर-दीडशे लिटर लागते, नळ पाचव्या दिवशी, बोअरचं टाकलं तर खस अन् जाळी दोन महिन्यात मिठानं दगड होते, त्यामुळे माणसाला मोह होतो हे मला समजते. पण बाप्पा, कुलर त्या पाण्याचे बारीक थेंब करून तुमच्या नाकातोंडात फेकते, रात्रभर, लहान पोरासकट! झाडाच्या मुळाशी द्यायचं पाणी आहे ते. तसंच सांबाराचं (पुण्याकडच्यांसाठी, कोथिंबीर). एका काकूंनी टाकीमागे छान वाफा केला होता, सांबार, पालक, मेथी. त्यांना म्हटलं कच्चं खायचं काही लावू नका या पाण्यावर, ब्लिचिंग पावडर टाकली तरी सगळे जंतू मरतात असं नाही. तर त्या म्हणे "तुम्हीच म्हणता शुद्ध हाय अन् तुम्हीच म्हणता खाऊ नोका, शुद्ध हाय का नाई ते एकदाचं सांगा." बरोबर विचारलं त्यांनी. आम्ही "शुद्ध पाणी प्रकल्प" असा बोर्ड लावला ही आमची चूक. "फक्त झाडांसाठी" लिहायला पाहिजे होतं.

ऑपरेटरचा विषय लवकर संपवतो. पगार दोन महिने थकला होता म्हणून तो येत नव्हता, तो येत नव्हता म्हणून डिस्क फिल्टर धुतले नाहीत, म्हणून ड्रिपर चोक झाले, आणि मीटिंगमध्ये ठराव झाला की ड्रिपर निकृष्ट आहेत. वर्गणीतून पहिला पैसा त्याचा, मग विजेचा, मग बाकीचं. आणि वर्षातून एकदा बगिच्याच्या मातीत जिप्सम टाका, कपड्याच्या पावडरीतून सोडियम येते, आपल्या मातीला ते आधीच जास्त झालेलं आहे.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. नाल्याच्या खाली, लेआउट संपतात तिथे एका दादांचं शेत आहे. आमचं सांडपाणी नाल्यात जायचं तेव्हा खाली एक डोह साचायचा, त्यावर ते तीनची मोटर टाकून हिवाळ्यात गहू अन् हरभरा भिजवायचे. कोणी परवानगी दिली नव्हती, कोणी अडवलंही नव्हतं. आम्ही प्लँट बांधला आणि डोह आटला. मागच्या डिसेंबरात ते आमच्या गेटपाशी आले होते, चप्पल बाहेर काढून उभे. "साहेब, नाल्याचं पाणी काऊन बंद झालं?" सेक्रेटरींनी मोठ्या कौतुकानं सांगितलं की आता आम्ही ते शुद्ध करून राहिलो. दादा थोडा वेळ थांबले, त्यांना बहुतेक समजलं नाही की शुद्ध झाल्यावर पाणी संपते कसं. मग गेले. त्या साली त्यांचा हरभरा अर्धा वाळला, गहू पेरलाच नाही. तिन्ही कमिट्यांच्या एकाही इतिवृत्तात त्यांचा उल्लेख नाही, मी काल रात्री बसून सगळी चाळली.

पाटकरी काका टेल टेल म्हणतात तेव्हा आम्हाला वाटायचं टेल म्हणजे नवीन लेआउट. टेल ते शेत आहे.

आणि यात कोणाचं नुकसान पण नाही, हेच मला पटवायचं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी झाडांची तहान कमी असते आणि गव्हा-हरभऱ्याला नेमकं तेव्हाच पाणी लागते. मार्चपासून शेत रिकामं आणि बगिचे तहानलेले. म्हणजे हिवाळ्यात टाकीचं अर्धं पाणी मोजून त्यांच्याकडे सोडायचं, दाण्याच्या पिकाला हे पाणी चालते, भाजीपाला करू नका एवढं सांगायचं. नळाच्या दिवशी टाकीवरून वाहून जाणारं बारा महिने त्यांचं. मार्च ते जून बगिच्यांचं, नवीन लेआउटपासून सुरू करून वर यायचं, तासावर नाही, लिटरवर, झाडं मोजून. लॉन काढायचं. पावसाळ्यात फिल्टर करूनच नाल्यात सोडायचं, आणि कोणीतरी सुचवलं तसं जुन्या विहिरीत अजिबात सोडायचं नाही, खारं आहे म्हणून काय झालं, भूजलात नायट्रेट घालायचा आपल्याला कोणी हक्क दिला? नागपूरचं भांडेवाडीचं सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जाते, एवढ्या मोठ्या शहराचं पाणी मोजून वाटता येते तर आपल्या वीस हजार लिटरच्या टाकीचं का येणार नाही.

काही जण म्हणतील वर्गणी आम्ही भरली, शेतवाल्यानं एक रुपया दिला नाही. खरं आहे. ते स्वतःहून म्हणाले होते की गाळ उपसायला अन् कर्दळ कापायला मी येतो, वर्षातून दोनदा. आपल्यापैकी कोण उतरणार आहे त्या टाकीत, हात वर करा.

रविवारी सकाळी सात वाजता मंदिराच्या ओट्यावर मीटिंग आहे, तिन्ही लेआउटची. मीटरचं रजिस्टर मी आणतो, पाटकरी काका येतो म्हणाले, शेतवाल्या दादांना मी स्वतः जाऊन निरोप देणार आहे. आणि व्हॉल्व्हच्या कुलपाची डुप्लिकेट चावी ज्यांच्याकडे असेल त्यांनी येताना घेऊन यावी, ओट्यावर ठेवून द्यावी. कोणाकडे होती ते कोणी विचारणार नाही.